अंपायरच्या घरचं कोणी खेळत नाही

अण्णा, मला तुमच्या जागेवरून हटायचं आहे. तुम्ही असताना हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नसती, आणि तेव्हा ती जागा माझी नव्हतीही. तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्या, मी मुंडण केलेल्या डोक्यानं ओसरीवर बसलो होतो, आणि क्रिकेट क्लबची पोरं आली. मला वाटलं, भेटायला आली. थोडा वेळ खाली मान घालून बसली, मग त्यांच्यातल्या एकानं हळूच विचारलं की रविवारी येता ना. म्हणजे मॅचला. तुमच्या जागी. मी आईकडे बघितलं, तर ती आत जाऊन तुमची पांढरी टोपी घेऊन आली. त्या रविवारी बोडक्या डोक्यावर ती टोपी घालून मी उन्हात उभा राहिलो, खिशात तुमचे सहा चिंचोके. एक चेंडू पडला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. तेव्हापासून कुरुंद्यात उन्हाळ्यातला रविवार म्हणजे मी स्टंपामागे, हे ठरूनच गेलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही नाही म्हटलं नाही.

तुम्ही हे इतकी वर्षं कसं काढलं, मला खरंच कळत नाही. तुम्हाला आवडायचं, हे एक असेल. मला आवडत नाही, अण्णा. मेव्हणीच्या लग्नात अक्षता पडून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच मला न्यायला मोटारसायकल मांडवाच्या दारात आली. मी पहिल्या पंगतीलाही बसलो नाही. बायको आजही ते ऐकवते, आणि तिचं बरोबर आहे. ठिबकच्या नळ्यांचं माझं दुकान रविवारी बंद असतं ते सुटी म्हणून नाही, मॅच म्हणून. दुसऱ्या टोकाला बॅटिंगवाल्यांपैकी कोणीतरी उभा असतो, पण तो नुसता माझ्याकडे बघतो. शिरडची टीम आली तरी स्वतःचा अंपायर आणत नाही. तुमचा माणूस आहे ना, म्हणतात, मग आमाला कशाला पाहिजे. हे ऐकून गावाला केवढा अभिमान वाटतो. मला मात्र दाव्याला बांधल्यासारखं होतं.

आणि मला खेळायचं होतं, हे तर तुम्हाला माहीत होतं. मी सातवीत असेन. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, आणि मी दाराच्या चौकटीला धरून सांगतो आहे की मला टीममध्ये घेतलंय. तुम्ही घास थांबवला नाही. खाता खाताच म्हणालात, "अंपायरच्या घरचं कोणी खेळत न्हाई. घरचं लेकरू मैदानात उतरलं की बोट खरं राहत न्हाई." मी रडलो, तर आवाज चढवून म्हणालात की रडायचं असंल तर गोठ्यात जाय. पुढच्या आठवड्यात तुम्ही वसमतहून माझ्यासाठी बॅट आणलीत. नवी कोरी. आणि सांगितलंत की मागच्या भिंतीशी खेळ. अशी बॅट देणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. मी भिंतीशी खेळलो, अण्णा, मिसरूड फुटेपर्यंत. भिंत काही मला आऊट करू शकली नाही.

त्याच भिंतीशी आता माझी लेक खेळते. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता बारावी झाली आहे, वसमतच्या कॉलेजात मुलींच्या टीममधून खेळली, आणि तिच्या अंगात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त खेळ आहे. संध्याकाळी ती गावातल्या पोरांबरोबर सराव करते. पोरगी म्हणून कोणी नाक मुरडलं नाही असं नाही, पण तिनं दोघातिघांचे स्टंप उडवल्यावर ती नाकं सरळ झाली. यंदा कॅप्टन स्वतः दुकानात आला. चांगला पोरगा आहे, आपल्या शेजारच्या आळीतला, टीमचा सगळ्यात भरवशाचा बॅट्समन. म्हणाला, काका, तिला घ्यायला पाहिजे खरं तर, पण तुमच्या घरचं जमत न्हाई ना. म्हणजे तुमचा नियम अजून चालू आहे. पावसाळा लागला की ती नर्सिंगला नांदेडला जाणार. तिच्याकडे एवढाच उन्हाळा आहे. मी त्याला म्हणालो, मग मला काढा, दुसरा अंपायर बघा. तो हसला. मी थट्टा करतोय असंच त्याला वाटलं.

म्हणून मी ठरवलं, अण्णा, की आपणच नालायक ठरायचं. एकच निकाल उघड उघड चुकीचा द्यायचा, तोही आपल्याच गावाच्या विरुद्ध. म्हणजे शिव्या पडतील, टोपी काढून घेतील आणि सुटका होईल.

गेल्या रविवारी शिरडची मॅच होती. मैदान तुम्ही सोडून गेलात तसंच आहे. मळ्याकडच्या कोपऱ्यात अजूनही कोणाची ना कोणाची शिजवलेली हळद वाळत घातलेली असते, आणि चेंडू तिच्यात गेला की फिल्डरनं चपला-बूट काढल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तो बूट काढेपर्यंत बॅट्समननं पळून घ्यायचं. आपल्या कॅप्टननं चेंडू हळदीत मारला आणि दोघं पळत सुटले. पण त्या कोपऱ्यातलं शिरडचं पोरगं हुशार, सकाळपासून अनवाणीच उभं होतं. त्यानं हळदीतून चेंडू उचलून थेट माझ्या टोकाला फेकला. बेल पडल्या तेव्हा कॅप्टन रेषेच्या चांगला हातभर आत होता. शिरडवाल्यांनी अपीलसुद्धा अर्ध्या तोंडानं केलं. मी बोट वर केलं.

मला वाटलं, आता बॅट आपटेल. सगळं मैदान अंगावर येईल. त्यानं माझ्याकडे बघितलं, खाली रेषेकडे बघितलं, आणि बॅट काखेत मारली. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "काका, मला वाटलं, मी पोचलो व्हतो. तुमी दिलं म्हंजे न्हाई पोचलो." आपण मॅच हरलो. कोणी चकार शब्द काढला नाही. एका पोराच्या मोबाइलमध्ये ते सगळं आलं होतं, रात्री पारावर सगळ्यांनी पाहिलं, आणि ठरलं असं की मोबाइल तिरपा धरला होता. दुसऱ्या दिवसापासून कॅप्टन पहाटे उठून पळायला लागला. मी कमी पडलो म्हणतो.

लेकीला मात्र दिसलं होतं. ती लिंबाखाली बसून स्कोर लिहीत होती. जेवताना तिनं सरळच म्हटलं, "पप्पा, तो आत व्हता. काहून केलं तुमी असं?" मी सांगितलं, तुझ्यासाठी. मला वाटलं, तिला भरून येईल. तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, त्याला जाऊन खरं सांगा, तोवर माझ्याशी बोलू नका. तुमचीच नात.

आज सकाळी मी गेलो, अण्णा. तो पळून येऊन दारात पाणी पीत होता. मी म्हणालो, तू आऊट नव्हतास, मी जाणूनबुजून दिलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिले तुमी," म्हणाला, "पण अंपायरनं असं मन मोठं करू नये." आता बोला. मी खोटं वागलो ते खरं ठरलं, आणि खरं बोललो तर तो माझा चांगुलपणा झाला. तुम्ही माझ्यासाठी जे नाव ठेवून गेलात, त्याला कडी बाहेरून आहे, ती आतून निघत नाही.

घरी येऊन लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, घरचं कोणी खेळत नव्हतं तरी तुमचं बोट खोटं पडलंच ना, मग मी खेळले तर आणखी काय बिघडणार. तसाच उलट पावली परत गेलो. मी कॅप्टनला सांगून टाकलं की उद्या ती खेळेल, अण्णांचा नियम आजपासून बंद. त्याला आनंदच झाला. "तुमी उभे असल्यावर काय फिकीर," म्हणाला. "तुमी सख्ख्या लेकीलाबी सोडणार न्हाई."

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे उद्याची मॅच आहे. उद्या ती रेषेच्या आत असेल, चेंडू स्टंपावर येईल, आणि सगळं गाव माझ्या हाताकडे बघत असेल. मी तिला वाचवीन याची भीती नाही वाटत. ती आत असली तरी माझं बोट वर जाईल, याची वाटते. तुम्हालाही माझ्याबाबत हीच भीती होती का? मला आजवर वाटत आलं की तुमच्याकडून माझ्या बाजूनं पक्षपात होईल म्हणून तुम्ही मला बाहेर ठेवलंत. आज मला तितकी खात्री नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

बाहेर ती बॅटला तेल लावते आहे, आणि आठवड्यानंतर आज पहिल्यांदा स्वतःहून माझ्याशी बोलली, सकाळी लवकर उठवा म्हणून. हा कागद मी कुठं पाठवणार, चुलीत जाईल. पण तुमच्याजवळ एक बोलून ठेवतो. उद्या तिनं पहिल्याच चेंडूवर बोल्ड व्हावं, असं मला वाटतंय. तिन्ही स्टंप उडावेत, म्हणजे मला कोणी काही विचारणार नाही.