माझ्या वाट्याचं अर्धं बाक

"हिला खुर्ची दिली तर ही खुर्चीभोवती फिरेल," असं मी सात वर्षांची असताना आमचे बाबा म्हणाले होते. ते सुतार होते आणि खुर्चीही त्यांनीच केलेली होती. आज वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कुणाचा दबाव नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना, मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. लिहिताना तीनदा उठले, हेही नमूद करते. पुढच्या मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणाले, पण म्हणताना त्यांनी पेनाचं टोपण दोनदा काढून लावलं.

मी फोटोग्राफर. पोटासाठी ओळखपत्रांचे फोटो काढले आणि मनासाठी या गावात टिकून राहिलेल्या जुन्या वस्तूंचे.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. माझं लाकडी कपाट वहिनीला. ते तिच्या खोलीत कुठे बसेल हे तिने आधीच मोजून ठेवलंय, तिची मेहनत वाया जाऊ नये.

२. मोठा कॅमेरा आणि तिपाई शाळेला. स्टुडिओशेजारच्या घड्याळवाल्यांना काहीही नाही. "हिला भंगाराचा नाद," असं ते चारचौघांत म्हणाले होते. मी ते कधीच विसरले, फक्त वार आणि तारीख लक्षात आहे.

३. निगेटिव्हचे अकरा डबे वाचनालयाला, आणि सोबत एक कबुली. फोटो काढताना मी प्रत्येकाला "जरा बाजूला व्हा" म्हणायची. मला वस्तू एकटी हवी असायची. औषधवाल्यांचा पितळी तराजू, शाळेची घंटा, सलूनमधली लोखंडी फिरती खुर्ची. फोटो ज्याच्या त्याला भेट द्यायची, आणि वर्ष उलटायच्या आत त्यांनी वस्तू विकलेली असायची. फोटो आहे ना आता, म्हणायचे. लोकांना किंमत नाही, असं मी कैक वर्षं बोलत फिरले. शेवटी सलूनवाल्यांना विचारलं, आजोबांच्या वेळची खुर्ची का काढलीत? ते वस्तरा पुसत म्हणाले, "ताई, तुमच्या फोटोत ती एकटीच इतकी छान दिसत होती. म्हटलं, हिला आपली काय गरज?"

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. विकल्या गेलेल्या वस्तूंच्या रिकाम्या जागा बघत हिंडते. तरी वाचनालयाने प्रत्येक फोटोखाली ती वस्तू कोण वापरायचं त्याचं नाव लिहावं. यादी पहिल्या डब्यात ठेवली आहे.

४. बाबांचं सुतारकामाचं बाक. हे दादाचं आणि माझं निम्मं निम्मं. मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हापासून दादा त्या बाकाशी उभा राहिलेला नाही. तो हात खिशातून बाहेर काढत नाही, आणि स्वतःच्या फोटोचं नाव काढलं की पाठ फिरवतो. गेले आठ महिने मात्र माझ्या मागे लागलाय, बाकाचा एक फोटो काढ म्हणजे मी ते देऊन टाकतो. मी टाळते. कधी उजेड नसतो, कधी अंगात कणकण असते. परवा म्हणाला, "गावभर फिरतेस, मग आपल्याच घरात तुझा कॅमेरा का आजारी पडतो?" आणि भरल्या ताटावरून उठला.

माझ्या वाट्याचं अर्धं बाक मी दादालाच देते, विनाअट. विक्री अडवायची म्हटलं तर माझं अर्धंही पुरेल. पण नुसतं अडवलेलं बाक म्हणजे अडगळ.

साक्षीदार: निवृत्त पोस्टमास्तर, आणि शेजारच्या शिंपीणबाई. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दादाला वाटा असल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही.
ठिकाण: माझा स्टुडिओ. गुरुवार, अकरा मार्च.
सही.

यापुढच्या ओळी मृत्युपत्राचा भाग धरू नयेत. हा कागद मी माझ्या मरणाची वाट न बघता उद्याच दादाच्या हातात देणार आहे, म्हणून इथे लिहिते.

दादा, रविवारी सकाळी दहा वाजता बाकावर चांगला उजेड येतो. बाबांचा रंधा घे, एक फळी शिकंज्यात लाव आणि दोन्ही हातांनी रंधा मार. मला फोटो काढू दे, तुझ्यासकट. नंतर ते बाक ठेव किंवा वीक, मी चकार शब्द काढणार नाही. तू नाहीच म्हणशील. तरी ये.