लसकेंद्राची मानके आणि मी

३ मार्च, सोमवार
आजपासून लेखन. परदेशी जाणाऱ्यांना लस देणाऱ्या नर्सेससाठी कामाची मानके. आमच्या केंद्रात हे करू शकणारा मी एकटाच. वीस तारखेला तपासणी. ती पार पडली की यलो फीव्हर लशीचा परवाना पुढे चालू, आणि नवख्या नर्सेसना मार्गदर्शन करणाऱ्या कक्षाचं प्रमुखपद मला. डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या बघू म्हणाल्या. म्हणजे ठरलंच.

४ मार्च
मुखपृष्ठ झालं.

६ मार्च
नवी सिस्टर एकेका प्रवाशाला पंचवीस मिनिटं घेते. विमान कुठे बदलणार, कोणती औषधं चालू आहेत, अंड्याची ॲलर्जी आहे का. बाहेर बाकावर माणसं जांभया देतात. मी नऊ मिनिटांत मोकळा करतो. माणूस दारातून आत येतानाच कळतो, असं तिला समजावलं. हे कुठे लिहिलंय ब्रदर, म्हणाली. लिहितोय, म्हटलं.

७ मार्च
जेवताना तरी कागद बाजूला ठेवा, असं बायको म्हणाली. तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, ‘परिचारकाची दृष्टी’. म्हणजे नक्की काय करायचं, एवढंच तिने विचारलं. या घरात लेखन अवघड आहे.

१० मार्च, सोमवार
केंद्रातही वेळ मिळत नाही. सारखे लोक लस घ्यायला येतात. शेवटी नेहमीचाच तोडगा काढला. लशींच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा नोंदवावं लागतं. ते दोन ते आठ अंशांत हवं. आठवड्याभराच्या नोंदी आजच करून टाकल्या. सगळीकडे पाच. फ्रिज माझ्या ओळखीचा आहे. मी बघत जाऊ का सकाळ-संध्याकाळ, असं सिस्टर विचारत होती. फ्रिज माझ्याकडे असतो, तू प्रवासी बघ, म्हटलं.

१४ मार्च
प्रकरण दोन पूर्ण. ‘नोंदींची शिस्त’. मनासारखं उतरलंय.

१७ मार्च, सोमवार
येत्या शनिवारपर्यंतच्या नोंदी केल्या. दोन ठिकाणी चार लिहिला. सगळीकडे पाच बरं दिसत नाही.

२० मार्च, गुरुवार, दुपारी दोन
तपासनीस बाई दहाला आल्या. मानके हातात दिली. चाळलीसुद्धा नाहीत. टेबलावर ठेवून फ्रिजचं रजिस्टर मागितलं. उद्या संध्याकाळी फ्रिज चार अंशांवर असणार हे तुम्हाला आज कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. पूर्वनियोजन, म्हणालो. मग त्यांनी स्वतः थर्मामीटर पाहिला. अकरा. दाराचं रबर फाटलंय म्हणे. डॉक्टर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.
फ्रिज बिघडल्यास काय करावं, हे मी प्रकरण चारमध्ये घेणारच होतो. घाई तपासणीवाल्यांना.

२१ मार्च
परवाना स्थगित. लशी सील. फ्रिज अकरावर कधी गेला हे कळायला मार्ग नाही, कारण रजिस्टरमध्ये तो कधी गेलाच नाही. त्यामुळे लस घेतलेल्यांना फोन. लस लागू पडली की नाही ते सांगता येत नाही, असं सांगायचं. काम माझ्याकडे.
चौथ्या फोनवर एक बाई होत्या. मुलगा परवाच तिकडे पोचला, जंगलात काम आहे त्याचं, त्याने आता काय करायचं, असं विचारत राहिल्या. मी मानकांची पानं उलटत राहिलो. सिस्टरने माझ्या हातातून फोन घेतला. बराच वेळ बोलली. डास, लांब बाह्या, तिथल्या दवाखान्याचा पत्ता. हे माझ्या मानकांत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार
फोनची यादी नक्की कोणत्या तारखेपासून करायची, असं सिस्टरने विचारलं. दहा मार्च, म्हणालो. ब्रदर, आता तरी खरं सांगा, असं म्हणाली. मग फेब्रुवारी म्हणालो. ती पेन धरून तशीच थांबली. मी टेबलावरचे कागद सरळ करू लागलो, तेव्हा ती उठली आणि कपाटातून गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं.