मुठीखालचे तीन ठिपके

कराड
१८ जानेवारी २०२५

ती. रंगराव काकांस,
निशिगंधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही आधी चष्मा पुसाल, मग पाकीट उलटून टपालाचा शिक्का तपासाल. तपासा. पत्र माझंच आहे, पण रुसवा काढायला लिहिलेलं नाही. फोनच केला असता, पण रणजीतदादा म्हणतो काका हल्ली फोन उचलतच नाहीत.

परवा आमच्या वर्गात तलवार मोडली. दादाच्या भोसरीच्या गाळ्यातून दिवाळीत ज्या बारा आल्या त्यातली एक. अबोली फिरवत होती. बारा वर्षांची आहे, मर्दानी खेळ शिकणाऱ्या माझ्या मुलींतली सगळ्यात चपळ. तलवार कशावर आपटली नाही, कुणाच्या तलवारीला लागलीही नाही. डोक्यावरून नुसती फिरत असताना मुठीखाली चार बोटांवर तुटली आणि पातं उडून तिच्याच डाव्या डोळ्यावर आलं. धार बोथट होती, पण टोक ते टोकच. तिला कोल्हापूरला नेलंय. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. तिची आईही मला एक शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

उरलेल्या अकरा मी कपाटात कुलूप लावून ठेवल्यात. सगळ्यांच्या मुठीखाली, तपासून पास केल्याची खूण म्हणून ठोकलेले, तुमच्या पंचाचे तीन ठिपके आहेत. ते ठिपके बघितले की मी दुसरं काही बघत नव्हते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची प्रात्यक्षिकं आहेत, आणि दादाच्या तलवारी चार जिल्ह्यांतल्या तालमींत गेल्यात. प्रत्येक ठिकाणी अशीच कुणी अबोली असणार. मला एवढंच सांगा, या तलवारींवर विश्वास ठेवायचा का?

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.
निशिगंधा

निगडी
२१ जानेवारी २०२५

चि. निशिगंधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. त्या पोरीसाठी जीव तुटला. तू दोन वर्षं तोंड का फिरवलंस ते मला कळलं नव्हतं, अजूनही कळलेलं नाही. असो. आत्ता ते उगाळायची वेळ नाही.

देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं मी तपासनीस होतो. माझ्या हाताखालून खोटा माल बाहेर गेला नाही. तुझ्या भावाच्या, रणजीतच्या गाळ्यातही तोच शिरस्ता आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून पातं घडवलं, तापवून तेलात विझवलं, घासलं की ते माझ्याकडे येतं. मी वजन बघतो, गुडघ्यावर वाकवून सरळ होतं का ते बघतो. शेवटी दोरीला टांगून लाकडी हातोडीचा हलका ठोका देतो. चांगलं पातं कितीतरी वेळ गुणगुणत राहतं. आत तडा असला की फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. वाकवून, निरखून न दिसणारा तडा कानाला कळतो. लहानपणी तूच माझ्या मागे लागून ताटं-वाट्या टांगायचीस. तुझ्या आईच्या दोन ताटांना पोचे पाडलेस त्याचं पापही माझ्याच माथी आलं होतं.

तेव्हा दोष तपासणीत नाही, पातं विझवण्यात आहे. गाळ्यात ते काम नागसेनकडे होतं. घाई केली असणार. रणजीतला मी तसं सांगितलं आणि त्यानं आजपासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. तुझ्या अकरा तलवारी कपाटातच राहू देत. मोडलेले तुकडे पाठवून दे. फोन मात्र करू नकोस, त्या यंत्रातली खरखर मला सोसत नाही.

त्या मुलीचं कळव. जिवाला लावून घेऊ नकोस.
तुझा,
रंगराव काका

कराड
२४ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुकडे गोणपाटात बांधून सोबत पाठवतेय. एसटीच्या चालकाकडे दिलेत, निगडीला उतरवून घ्या. मोडलेली बाजू मी उजेडात धरून बघितली. निम्मी पांढरी, साखरेसारखी रवाळ आहे. निम्मी काळी आहे. याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

काल नागसेनचा फोन आला होता. गाळ्यातून काढलं म्हणून रडगाणं गायला नव्हे, अबोलीची चौकशी करायला. मीच खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला की दिवाळीच्या मालातली एक तलवार दोरीवर बद्द वाजली होती. त्यानं ते तुम्हाला चार माणसांसमोर सांगितलं. तुम्ही चिडलात, माझ्या कानाला शिकवतोस का म्हणालात, आणि त्याच्या देखत तिच्यावर तीन ठिपके ठोकलेत. काका, हे खरं आहे का? खरं नसेल तर मी त्याच्याशी पुन्हा बोलणार नाही. खरं असेल तर एका मुलीच्या डोळ्याचं खापर आपण त्याच्या डोक्यावर फोडतोय. त्याची दोन पोरं शाळेत आहेत.

अबोलीचं ऑपरेशन झालं. पट्टी पुढच्या आठवड्यात निघेल. ती मला विचारत होती की माझं फिरवणं चुकलं का. मी नाही म्हणाले. ताई, मग काय चुकलं, असं तिनं विचारलं. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. मी तुमच्या पाया पडते, खरं ते सांगा.

निशिगंधा

निगडी
२८ जानेवारी २०२५

चि. निशिगंधास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देतो.

नागसेन खरं बोलला. मोडलेल्या बाजूचा काळा भाग म्हणजे जुना तडा, पातं विझवतानाच पडलेला. असा तडा कुणाकडूनही पडतो, मोठमोठ्या कारखान्यांतही पडतो. म्हणून तर तपासनीस ठेवतात. तो पकडणं माझं काम होतं.

रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. चाकणला कंत्राटावर लागलाय, रात्रपाळी करून आला होता. त्याला घेऊन गाळ्यावर आलो. एक चांगलं पातं आणि एक तडा गेलेलं, दोन्ही दोरीला टांगली. त्यानं ठोके दिले. दोन्ही पाती हलताना मी पाहिली. ऐकू काहीच आलं नाही, पोरी. ना चांगल्याचं, ना वाईटाचं.

मला ऐकू येत नाही. बारीक आवाज आधी गेले, मग बाकीचे. समोर माणूस असला की ओठांवरून उमजतं, आणि भोसरीत ग्राइंडर चालू असतात, सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. फोनवर मी बरं, छान, एवढं बोलून ठेवून द्यायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायको गेल्यावर तपासनीस एवढीच काय ती ओळख उरली होती, ती सोडवेना. त्या दिवशी नागसेन बोलला तेव्हा तो बरोबर असेल हे मला कळत होतं. तरी मी ठिपके ठोकले. मी त्याचे पाय धरणार होतो, त्यानं धरू दिले नाहीत. कामावर परत ये म्हटलं तर बघतो म्हणाला.

रणजीतला सगळं सांगितलं. त्यानं विक्रीची वही काढली. दहा वर्षांत सातशेच्या वर तलवारी गेल्यात. शिवजयंतीच्या आत सगळ्या परत येणं शक्य नाही. पण माझा कान ज्या दिवसापासून गेला त्यानंतरच्या आल्याच पाहिजेत. आणि तो दिवस मला सांगता येत नाही.

म्हणून तुला विचारतो. माझ्याशी फोनवर सगळ्यात जास्त तू बोलायचीस. मी तुझं ऐकून नीट उत्तर दिलं असं शेवटचं कधी झालं? तारीख कळली तर वहीतून पुढच्या सगळ्या तलवारी काढता येतील. लवकर कळव. रोज कुठेतरी कुणीतरी त्या फिरवतंय.

काका

कराड
३१ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काल पट्टी निघाली. अबोलीचा डावा डोळा गेला. तिची आई काल पहिल्यांदा बोलली. पोरीला वर्गातून काढू नका, एवढंच म्हणाली.

आता तुमची तारीख. २०२२ च्या खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शस्त्रपूजा झाल्यावर मी फोन केला होता. बोलता बोलता तुम्ही म्हणालात की कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर, डाळ करपेल. कुकर माझ्या स्वयंपाकघरात होता. त्या दिवशी तुमचा कान शाबूत होता.

त्यानंतर मी ११ फेब्रुवारी २०२३ ला फोन केला. तारीख मला पाठ आहे. मी दवाखान्यात होते. तिसरा महिना होता, अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. बाळ गेलं होतं. आई-बाबा नाहीत, म्हणून पहिला फोन तुम्हाला केला. सगळं सांगितलं, रडले. तुम्ही म्हणालात, बरं झालं, छान, पेढे पाठव. आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी ते कुणालाच सांगितलं नाही. रणजीतदादाला आजही माहीत नाही.

दोन वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिणार नाही. मी हे तेव्हाच तोंडावर विचारलं असतं, नुसतं एकदा येऊन भांडले असते, तर तुमचा कान त्याच दिवशी कळला असता. अबोलीला आज दोन डोळे असते.

खंडेनवमीपासूनच्या सगळ्या तलवारी परत मागवा. मधल्या चार महिन्यांचाही भरवसा नको. दादाला सांगा, फोन करून भागणार नाही, माणूस पाठवा. सातारा आणि सांगलीच्या तालमींत मी स्वतः जाते. माझ्या अकरा घेऊन सोमवारच्या एसटीनं निगडीला उतरेन. दोरीला टांगू आपण. ठोका नागसेनदादांना देऊ दे, ते आले तर. ऐकायला मी आहे.

बाळाचं तुम्हाला परत एकदा सांगायचंय. समोर बसून, सावकाश सांगेन. माझ्या ओठांकडे बघा.

येतेच आहे.
तुमची,
निशिगंधा