राघू-मैनेची चौकट

॥ श्री ॥

उरण,
ता. ४ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप दादांचे चरणी सत्यवतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुम्ही गावच्या आखणी समितीचे अध्यक्ष झालात, हे आमच्या शेजारच्या जनी कोळणीकडून कळलं. ती रोज मासळी घेऊन पनवेलला येते ना! सख्ख्या बहिणीला मात्र कळवलं नाहीत. आता म्हणे दादांना विचारल्याशिवाय पनवेलात कुणाला पायरीसुद्धा बांधता येणार नाही. लहानपणी बंदरावर मी वाळूची घरं करायचे आणि तुम्ही त्यांच्यावर पाय द्यायचात. तो माणूस आता गावाची घरं राखणार, हे ऐकून आमच्या घरात फार हसणं झालं.

हसता हसता यांना ढास लागली. दमा बळावला आहे. मिठागराच्या कचेरीतली नोकरी मार्चअखेर संपते आणि तिच्याबरोबर ही सरकारी खोलीही जाते. पोटी मूल नाही, तेव्हा ज्याच्या दारात जाऊन राहावं असं कुणी नाही. बाबांनी चोळी-बांगडीची म्हणून पळस्पे रस्त्यावरची जागा माझ्या नावावर केली, तीच आता पाठीशी आहे. तिथे दोन खोल्या आणि पुढे पडवी, एवढंच हवं आहे. हे म्हणतात, जन्मभर सरकारच्या छपराखाली निजलो, मरण तरी आपल्या छपराखाली यावं. मी रागावते, पण मलाही मनातून तेच वाटतं.

विटा तुमच्या गिरणीमागे येऊन पडल्या आहेत. दसऱ्यानंतर तुळशीराम गवंड्याला सांगून जोतं घालून घ्याल का? चौकट यांनी इथेच हौसेने करून घेतली. सागाची आहे आणि वर राघू-मैना कोरलेले आहेत. हौसावहिनींना नमस्कार, शांतीला आशीर्वाद. तुमची माया आहे म्हणून हे धाडस करतो आहोत, ती अशीच राहू द्या.

आपली धाकटी,
सत्यवती

॥ श्री ॥

पनवेल,
ता. १२ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. सत्यवतीस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. वाळूची घरं तुला अजून आठवतात म्हणजे कमाल झाली! बाबांनी तुला जागा दिली आणि मला अक्कल दिली, तेव्हा वाटणी बरोबरच झाली म्हणायची.

अध्यक्षपण म्हणजे विकतचं दुखणं आहे बघ. मुंबईत जागा मिळत नाही म्हणून जो उठतो तो पनवेलला येऊन भिंत घालतो. विहिरी उपसून गेल्या, गटारं देवाच्या भरवशावर. गाव वाढावं पण पसरू नये, असं मी पहिल्याच सभेत बोललो आणि टाळ्या पडल्या. टपाल नाक्यावर बसणाऱ्या मासळीवाल्या पहिल्या झटक्यात उठवल्या. आमी जायाचं कुठं, म्हणून बायका सभेत घुसल्या, त्यांत तुझी जनीही होती. मी लगेच ठराव करून दिला, की गावात जो कुणी आपली जागा मासळीबाजाराला दान देईल, त्याची जागा समिती विनातक्रार स्वीकारील आणि तिथेच बाजार बसवील. आता मासळीला जागा देणारा शहाणा कुठे जन्माला यायचा? सगळी सभा पोट धरून हसली. बायका मात्र ठराव झाला म्हणून आनंदाने घरी गेल्या.

तुझ्या घराचं म्हणशील, तर यंदा सिंहस्थ आहे हे विसरलीस का? सिंहस्थात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. या दिवसांत चौकट उभी केली तर घरधन्याला भोवते, असं बाबा सांगायचे. दिनानाथरावांची तब्येत ही अशी आणि तू चौकट उभी करायला निघालीस! तुझ्या कुंकवाशी खेळ माझ्या हातून होणार नाही. सिंहस्थ सरू दे, मग घर मी उभं करून देतो. तुझ्या जागेसमोर, रस्त्यापलीकडे, मी जोतं घालतोय, पण ते गोदामाचं. भाताला मुहूर्त लागत नाही.

काळजी मुळीच करू नये. दादा बसला आहे इथे.

तुझा,
बळीराम

॥ श्री ॥

उरण,
ता. २० डिसेंबर १९५६

तीर्थरूप दादांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा शब्द मोडला नाही. विटेला हात लावलेला नाही. यांचा ग्रहताऱ्यांवर विश्वास कमी. ते म्हणतात, गुरू सिंह राशीत असो की मेष राशीत, त्याला काही खोली खाली करायची नाही. पण मी हट्ट धरला. बाबांचं बोलणं मलाही आठवलं, आणि नवऱ्याच्या जिवापुढे चार महिने जास्त नाहीत.

चौकट इथल्या रामू नावाड्याच्या मचव्यातून पाठवते आहे. इथे दमट हवेत ती फुगेल असं यांना वाटतं. कोरड्या जागी ठेवा. बंदरापर्यंत हे स्वतः चालत गेले आणि घरी येऊन संध्याकाळपर्यंत बोलू शकले नाहीत. तिचं तोंड पूर्वेला ठेवायचं, सकाळचं ऊन पडवीत आलं पाहिजे, एवढं मात्र तुम्हाला लिहायला सांगितलं आहे.

जनी म्हणत होती, की गावाबाहेर नवी घरं बांधायला बंदी येणार हाय. खरं का? तसं असेल तर निदान जोतं तरी घालून टाकू. सिंहस्थाचा दोष मी माझ्या डोक्यावर घेईन. लगेच कळवा, दादा. तुमच्याशिवाय विचारायचं कुणाला?

आपली,
सत्यवती

॥ श्री ॥

पनवेल,
ता. ३ जानेवारी १९५७

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद, वि. वि.

चौकट पोचली. काय सुरेख काम आहे! वहिनी तर राघूवरून हात फिरवीत उभीच राहिली. कोळणींचं ऐकून पत्रं लिहीत जाऊ नकोस. बंदी येणार असती तर ती आणणाऱ्याला आधी कळली नसती का? तुझ्या भावाच्या हातात समिती असताना तुला कसली भीती? स्वस्थ राहा आणि दिनानाथरावांना आल्याचा काढा दे.

तुझा,
बळीराम

॥ श्री ॥

पनवेल,
ता. १८ मार्च १९५७

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कामाच्या धबडग्यात पत्राला उशीर झाला. समितीचा ठराव अखेर झाला. एक फेब्रुवारीपासून गावठाणाबाहेर नवं घर नाही. त्या दिवशी ज्याच्या जोत्यावर चौकट उभी होती, त्याने घर पुरं करावं, बाकीच्यांनी थांबावं. ठराव मीच मांडला. सगळ्यांनी फार वाखाणला.

तुझ्या जागेवर चौकट नव्हती, तेव्हा तू नियमात बसत नाहीस. मला काय कमी वाईट वाटलं? पण अध्यक्षानेच सख्ख्या बहिणीला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील. मोठेपणाची किंमत घरच्यांनाच द्यावी लागते.

तुझी चौकट सुखरूप आहे. वाळवी लागू नये म्हणून तुळशीरामने ती आमच्या गोदामाच्या जोत्यावर उभी केली. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी तपासनीस फिरत आले आणि चौकट बघून तिथे घर आहे असं लिहून गेले. वहिनी म्हणाली, लक्ष्मी पायाने चालत आली आहे, आता घरच बांधा. भिंती वर आल्या, त्यामुळे चौकट आता काढता यायची नाही. विटा तुझ्याच वापरल्या, पडून फुकट गेल्या असत्या. सिंहस्थाचं म्हणशील, तर चौकट तुझी आणि जोतं माझं. दोष कुणाला लावायचा, ते ग्रहांनाही कळायचं नाही!

तुझ्या जागेचंही मी सोनं करतो आहे. तिथे बाग व्हावी आणि बागेला बाबांचं नाव द्यावं, असं समितीत सुचवलं आहे. आमच्या ओट्यावर बसलं की समोर फुलझाडं दिसतील. तुझी संमतीची सही मात्र लागेल, जागा तुझ्या नावावर ना. सवडीने पाठव.

दिनानाथरावांना नमस्कार.

तुझा,
बळीराम

॥ श्री ॥

उरण,
ता. २ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

काल खोली सोडली. जनीच्या घरामागे जाळी ठेवायची खोप आहे, तिथे आलो आहोत. जाळ्यांचा वास यांना सोसत नाही, पण दुसरीकडे भाड्याने राहायचं तर पेन्शन पुरायची नाही. जनी भाडं घेत नाही.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि चौकटीचं तोंड पूर्वेला आहे ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. खरं काय ते मला ठाऊक नाही.

दादा, मी भांडत नाही. विटा तुम्हाला लखलाभ, चौकटही घ्या. फक्त माझ्या जागेवर कुडाची का होईना, एक खोली घालू द्या. समितीत एकदा शब्द टाका. मी तुमच्या पाया पडते. हे फार दिवस काढतील असं वाटत नाही आणि त्यांना या खोपीत मरू द्यायचं माझ्या जिवावर येतं.

सत्यवती

॥ श्री ॥

पनवेल,
ता. २५ जून १९५७

चि. गं. भा. सत्यवतीस आशीर्वाद.

दिनानाथराव गेल्याची तार मिळाली. त्या दिवशी समितीकडे पाहुणे असल्यामुळे निघता आलं नाही. ईश्वरेच्छेपुढे कुणाचं चालतं? एका परीने देवाने तुझी लाज राखली म्हणायची. घर सुरू केलं असतंस, तर साऱ्या पंचक्रोशीने म्हटलं असतं, की घराने धनी खाल्ला. मी अडवलं म्हणून तो ठपका चुकला, हे शांत झाल्यावर तुला पटेल.

एप्रिलच्या पत्राचं उत्तर राहून गेलं. आता तर तो प्रश्नच मिटला. एकट्या बाईला घर हवं कशाला? नव्या घराच्या मागे लाकडं ठेवायची पडवी आहे, तिथे ये. वहिनीचे गुडघे दुखतात, भाकरीला हात होईल.

एक आनंदाचीही बातमी. शांतीला पेणचं स्थळ सांगून आलं आहे. माणसं बडी आणि कडक माळकरी, मासळीच्या वासानेही जेवण टाकून उठतात. आम्हीही गेल्या महिन्यात माळा घातल्या. सिंहस्थ सरलाच आहे, नवरात्रात घर बघायला येतील. तू त्या दिवशी मागेच राहशील, हे तुला सांगायला नकोच.

बागेच्या संमतीवर सही करून ताबडतोब पाठव. पेणची मंडळी यायच्या आत निदान कुंपण आणि गुलाब लागले पाहिजेत.

तुझा,
बळीराम

पनवेल,
ता. १० ऑक्टोबर १९५७

सत्यवती,

हे तू काय करून बसलीस? सही मागितली होती बागेसाठी, आणि तू जागा मासळीबाजाराला दान दिलीस! सभेत जनी उभी राहिली, तुझं दानपत्र पुढे केलं आणि म्हणाली, की अध्यक्षसायबांचाच ठराव हाय, आमी काय नवीन मागत नाय. माझा ठराव मलाच मोठ्याने वाचायला लावला. पुन्हा सगळी सभा हसली. नाही म्हणायला मला तोंड राहिलं नाही.

दोन दिवसांत बाजार बसला. ओट्यावर उभं राहवत नाही. पेणची मंडळी आली ती टांग्यातून खालीसुद्धा उतरली नाहीत, नाकाला पदर लावून परत गेली. शांती रडून रडून तापाने पडली आहे.

अजून वेळ गेलेली नाही. दान मागे घेते असं समितीला लिही. तुझ्या जागेवर तुला खोली बांधायची परवानगी मी देतो, सूट कशी द्यायची ते माझ्यावर सोड. सख्ख्या भावाशी असं वागतात का? बाबांच्या आत्म्याला काय वाटेल?

बळीराम

उरण,
भाऊबीज, १९५७

दादांस सत्यवतीचा नमस्कार.

पत्र पोचलं. सूट देता येते हे वाचून बरं वाटलं. एप्रिलमध्ये ती देता येत नव्हती.

दान मागे घेणार नाही. एकट्या बाईला घर कशाला, हे तुमचं म्हणणं मला पटलं. तुम्हाला उघड्यावर काही फुलावं असं वाटत होतं, त्याऐवजी आता तिथे माणसं पोट भरतील. मासळीलाही मुहूर्त लागत नाही. बाबांचं नाव द्यायची तुमची सूचना चांगली होती, म्हणून पाटीवर तेच लिहायला सांगितलं आहे.

शांतीचं वाईट वाटतं. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर, तिने माझं काही वाकडं केलेलं नाही. तिचं लग्न मोडेल हे तुमच्या पत्रामुळे मला आधीच ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी सही केली. हे तुम्हाला नीट कळावं म्हणून लिहिते.

तुमच्याकडे राहायला येणार नाही. यांचा जीव या खोपीत गेला. शेवटी त्यांना जाळ्यांचा वास नको झाला होता, म्हणून मी पदराने वारा घालीत होते. मला आता तो वास वाटतच नाही. तुम्हालाही सवय होईल.

चौकट परत मागत नाही. जनी सांगते, तिचं तोंड बरोबर पूर्वेला आहे. सकाळचं ऊन आणि बाजार, दोन्ही समोरून येतं. राघू-मैनेवर माशा बसतात, तेवढ्या वहिनींना पुसायला सांगा.

आज ओवाळायला आले नाही. विधवेने मागे राहावं, हे तुम्हीच कळवलं होतं. एक मात्र रोज मनात येतं. सिंहस्थातली चौकट घरधन्याला भोवते, असं बाबा म्हणायचे. चौकट आमची होती म्हणून ती बाधा यांच्यावर गेली आणि फिटली, की जोतं तुमचं आहे म्हणून अजून काही उरलं आहे, हे तुम्ही लिहिलंत तसं ग्रहांनाही कळलेलं नसेल. त्या दारातून तुम्हाला रोज जायचं-यायचं आहे. तब्येतीला जपा, दादा.

सत्यवती दिनानाथ