सतराव्या आकृतीतला खळगा

बदलापूर (पश्चिम)
९ नोव्हेंबर २०२५

चि. ऋता हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडली की आईचा गुडघा बोलतो, एरवी आई बोलते. शेजारचा यज्ञेश पंधरा तारखेला तिकडे परत येतोय. त्याच्या हाती हे पत्र, गोडा मसाला, मेतकूट आणि एक पत्र्याची नळी पाठवतोय. मसाला कधीही उघड. नळी मात्र पत्र वाचून झाल्यावर.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दर रविवारी मी काहीतरी सांगायचं ठरवून फोनजवळ बसतो. मग तू 'जेवलात का' विचारतेस, मी तिकडची थंडी विचारतो, आणि आई फोन हिसकावून घेते. खरं सांगायचं तर मी तो तिला हिसकावू देतो.

इकडची खबर अशी की तू परत येणार म्हणून आईने तुझी खोली रंगवून घेतली. फिकट पोपटी. माझा विरोध होता, पण इथे मला विचारतो कोण! कुळगावात क्लास चालवणाऱ्या उन्मेषसरांनाही ती भेटून आली. ते म्हणाले, "ताई येऊ देत, बारावीचं फिजिक्स त्यांचंच." आणि अंबरनाथच्या शिवमंदिरात तिने अकरा सोमवार बोलले होते, तू परत यावीस म्हणून. ते पुरे झाले तेव्हापासून देव पावला असं ती सगळ्या सोसायटीला सांगत सुटली आहे. देवाचं ते काम कोणी केलं हे मला माहीत आहे. त्याबद्दलच लिहायला बसलोय, पण लेखणी अजून पोपटी रंगातच अडकली आहे.

आणखी एक गंमत. मागच्या महिन्यात आईने पदार्थांच्या कृती उतरवायला नवी वही आणली. मुखपृष्ठावर आपली सतरावी आकृती! निळ्या कागदावर पांढरी रेघ, खाली बारीक अक्षरात तुझं नि माझं नाव. आई हरखून गेली. मी वहीमागचा पत्ता वाचून तडक उल्हासनगर गाठलं, कॅम्प चारमध्ये. हरेश नावाचा वह्या बनवणारा सिंधी गृहस्थ, तोंडात साखर. म्हटलं, ही आकृती चुकीची आहे, छापू नका. तो म्हणाला, "काका, तुम्हीच लिहिलंय ना नेटवर, सबको छूट है? बघा, नाव पण टाकलंय खाली, एकदम कायदेशीर. और काका, बच्चे लोग को क्या फरक पडता है, डिझाईन मस्त आहे." वर मला चहा पाजला आणि दोन वह्या भेट दिल्या. त्या मी पिशवीत तळाला घालून घरी आणल्या आणि आईला दाखवल्या नाहीत.

आता 'चुकीची' हा शब्द लिहून झालाच आहे, तर पुढचंही लिहितो.

तुझी लॉकडाऊनमधली ती टूम आठवते ना? आपण फिजिक्सच्या बेचाळीस आकृत्या करून नेटवर ठेवल्या. तू कच्च्या काढायचीस, मी कॉम्प्युटरवर पक्क्या करायचो. जगात कोणीही घ्याव्यात, बदलाव्यात, छापाव्यात, विचारायला येऊ नये, फक्त खाली आपली नावं ठेवावीत. मी विचारलं होतं, "दिलेली परवानगी परत घेता येते का गं?" तू हसून म्हणालीस, "नाही बाबा, म्हणून तर लोक निर्धास्त वापरतात." मला ते फार आवडलं होतं. निवृत्त माणसाच्या रेघा चिली नि जपानमध्ये फिरतायत म्हणजे काय!

एप्रिल दोन हजार एकवीस. आई उल्हासनगरला दवाखान्यात, ऑक्सिजनवर. मला लागण झालेली म्हणून मी घरात कोंडलेला. तू दवाखान्याच्या जिन्यावर बसून. जाण्याआधी सतरावीचं पेन्सिलचं चित्र तू माझ्या टेबलावर ठेवलं होतंस, हाताने केलेल्या गणितातले बिंदू मांडून. ताऱ्याच्या पोटात दाब वाढतो तेव्हा काय होतं त्याची ती रेघ, एवढंच मला कळलं होतं. डोक्यात दुसरे विचार येऊ नयेत म्हणून मी ती पक्की करायला घेतली. रेघ सुरेख चढत होती आणि उजवीकडे एका जागी दबून पुन्हा वर येत होती. मला वाटलं, पोर दमली आहे, पेन्सिल घसरली. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात बत्तीस वर्षं मी साहेबांच्या वाकड्या रेघा गुपचूप सुबक करून दिल्या आणि शाबासकी घेतली. तुझीही केली. खळगा काढून टाकला.

फोनवर विचारलं, "तपासतेस का?" तू म्हणालीस, "बाबा, तुमचा हात कधी चुकलाय का? टाका चढवून." खळग्याबद्दल मी बोललो नाही, बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मग कोपऱ्यातली चौकट भरली. 'काढले' समोर माझं नाव. 'तपासले' ही जागा रिकामी असेल तर आमच्याकडे ड्रॉइंग टेबलावरून हलत नसे. म्हणून तिथे तुझी आद्याक्षरं मीच घातली.

आई घरी आली. जुलैत उल्हास नदी आपल्या तळमजल्यात शिरली आणि तुझ्या गणिताच्या वह्यांचा लगदा आपण दोघांनी फावड्याने ओढून बाहेर काढला. त्या गणिताचा पुरावा म्हणून तुझ्या लेखी उरली ती फक्त सतरावी.

मग या सप्टेंबरातला तुझा फोन. तुझ्या नव्या निबंधात कॉम्प्युटरने खळगा दाखवला, तिथे पदार्थ आपलं रूप बदलतो असं तू लिहिलंस, आणि परीक्षकांनी तुझ्याच सतराव्या आकृतीवर बोट ठेवलं. तू म्हणालीस, "हाताने केलं तेव्हा खळगा नव्हता बाबा. मी तपासल्याची सही आहे. म्हणजे आत्ताचाच घोळ आहे, मीच मूर्ख." तू त्या सहीवर विश्वास ठेवलास. तू रडत होतीस आणि मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." ऋता, मी असं म्हणालो.

कारखान्यात चुकीचं ड्रॉइंग खाली गेलं तर मी स्वतः वर्कशॉपमध्ये उतरायचो, प्रत्येक मशीनवरची प्रत गोळा करायचो आणि लाल शिक्का मारायचो, 'रद्द'. एकही प्रत राहिली तर घरी जायचं नाही. इथे कुठे उतरू? संग्रहातली आकृती मी बदलली. जिथे जिथे जुनी सापडली तिथे पत्रं लिहिली, एकतीस ठिकाणी. चार उत्तरं आली. एक म्हणतो पुस्तक छापून झालंय, क्षमस्व. एक बाई लिहितात की त्यांच्या विद्यार्थ्यांना जुनीच समजायला सोपी जाते. उरलेली दोन साहेब रजेवर असल्याची. रोज सकाळी शोधतो आणि रोज नव्या जागी सापडते. माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही. आणि बघ, सगळ्या जगाला कळवून झालं, तुला नाही.

का नाही, तेही सांगतो. सप्टेंबरात भीती होती, बाबांच्या हातावर तू जो भरवसा ठेवतेस तो जाईल. पण ऑक्टोबरात तू निबंध मागे घेतलास, 'हे संशोधन सोडते, घरी येते' म्हणालीस, आणि मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते, पण झाला. आईबरोबर रंगाऱ्याकडे मी गेलो. तुझ्या खिडकीच्या चौकटी पॉलिशपेपरने मी घासल्या. मी तोंड उघडलं तर तू तिकडेच थांबशील हे घासताना मला पक्कं ठाऊक होतं.

आता नळी उघड. ती भिंतीवर उंच खिळ्याला होती म्हणून पुरातून वाचली. आत तुझा पेन्सिलचा मूळ कागद आहे, तारखेसह, तुझ्या सहीचा. मीच हट्टाने करायला लावायचो ना. खळग्याशी तू एक बाण काढून बारीक अक्षरात लिहिलं आहेस, 'तीनदा पडताळला.' ते मी त्या दिवशी वाचलं होतं का, आठवत नाही. आठवत नाही हे तरी खरं आहे का, तेही मला सांगता येत नाही.

महिनाअखेरीला तू तिथल्या सरांना पुढच्या कामासाठी नकार कळवणार आहेस. त्याआधी हा कागद त्यांच्या टेबलावर ठेव आणि कोणी काय केलं ते माझं नाव घेऊन सांग. उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. तू आली नाहीस तर आईला मी सांगेन, सोमवारांसकट सगळं. पोपटी खोलीत मी झोपत जाईन.

तुझे बाबा

काढले : श्यामकांत
तपासले : ही जागा रिकामी ठेवली आहे.