कोणाले बाहेर ठेवलं होतं?

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात बसल्याबसल्या मला तुमचा राग आला. तुमच्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. औषध कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदावर छापलेला अभ्यास पुढे सरकवतो, तेव्हा मी आधी तो कुणी करवून घेतला ते बघते. डॉक्टरांच्या ग्रुपवर दिवसभर काही ना काही येत असतं. त्यातलं निम्मं पाठवणाऱ्यानेही वाचलेलं नसतं, असा माझा पक्का संशय आहे.

वॉर्डातली ती सकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही. मी शिकाऊ, एका नव्या अभ्यासाच्या जोरावर म्हाताऱ्या पेशंटचं औषध बदलायला निघालेली. तुम्ही चष्मा कपाळावर सारता आणि सगळ्यांदेखत विचारता, "काहून वं, पुरा वाचला का तो पेपर? का नुसता सारांश पाहून आली?" मी हातातली फाइल मिटली. "त्याच्यात कोणते पेशंट घेतले, कोणाले बाहेर ठेवलं, ते पाहून ये. मंग औषधाले हात लाव." मी जिन्यात जाऊन रडले. मग लायब्ररीत जाऊन वाचलं. तेव्हा वेळ होता हो, सर. आता बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात आणि दोन पेशंटांच्या मध्ये, गार होत चाललेल्या चहाबरोबर, मी फोनवर चार ओळी वाचते.

अशाच चार ओळी पावसाळ्याच्या सुमारास वाचल्या. वयस्कर माणसांची तीन महिन्यांची सरासरी साखर छान असेल तर गोळ्या कमी करा, एवढाच मथितार्थ. या खेपेला पाठवणारा भरवशाचा होता, म्हणून मी संशय घेतला नाही. पुढच्याच पेशंट लकडगंजात धान्य निवडायला जाणाऱ्या बाई, साठी ओलांडलेल्या. त्यांची सरासरी अगदी देखणी. मी गोळ्या निम्म्या केल्या आणि सोबत आलेल्या त्यांच्या मुलाला ऐटीत सांगितलं, "नवीन संशोधन आहे."

दीड महिन्याने त्या पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन आल्या. बोट टोचून पाहिलं तर साखर भलतीच वर. सरासरी मात्र पुन्हा छानच. आता दोन्हींपैकी एक खोटं असणार, आणि मी खोटं ठरवलं बाईंना. "सकाळी काय गोड खाऊन आलात?" त्या म्हणाल्या, "काही नाही जी मॅडम, नुसता चहा पेली, तो बी बिनसाखरेचा." मी मान हलवली आणि गोळ्या निम्म्याच ठेवल्या. पटलं नव्हतंच. पेशंट खाल्लेलं लपवतात, हे मला ठाऊक आहे ना!

तिसऱ्या खेपेला त्यांनी फाइल शोधताना पिशवीतलं सगळं माझ्या टेबलावर ओतलं. त्यात गावाकडच्या तपासणीचं, सिकल सेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड होतं. आपल्या विदर्भात हा आजार घरोघरी भेटतो, आणि असं रक्त असलं की ती सरासरीची तपासणी फसवा, कमी आकडा दाखवू शकते. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे, सर. त्या दिवशी मी त्या संशोधनाचा मूळ पेपर पुरा उघडला. असे रक्तविकार असलेल्यांना अभ्यासातून वगळलं होतं. सरळ वाक्यात लिहिलेलं होतं. फोनवरच्या चार ओळींत ते नव्हतं आणि बाईंना मी कधी विचारलं नव्हतं.

गोळ्या पूर्ववत केल्या, इन्सुलिन सुरू केलं. पण उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला.

आज त्या ड्रेसिंगला आल्या होत्या. सुनेला म्हणत होत्या, "माह्याच तोंडानं घात केला वं. मॅडम तवाच बोलल्या होत्या, गोड नोको खाऊ." सून माझ्याकडे बघून हसली. मी पट्टी नीट बसली का ते बघत राहिले आणि पुढच्या मंगळवारी या, एवढंच म्हणाले.

हे पत्र तुमच्यासाठी नव्हतंच, सर. हे सगळं त्या बाईंना सांगायचं होतं. तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.