खिडकीने आलेलं कपाट

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे घरचे बरे आहेत. मी कालपासून बधिर आहे. तुम्ही पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, आणि त्या भाषेत असले प्रकार चालतात हे सख्ख्या भाच्याला एका शब्दाने सांगितलं नाहीत!

झालं असं. सामान हलवण्याच्या आमच्या गाडीवर मी आणि लंबू (माझा जोडीदार, दाराची चौकट त्याच्या कपाळाला ओळखते) दाताच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट घेऊन गेलो. दवाखाना पहिल्या मजल्यावर. कपाटावर चिठ्ठी चिकटवलेली: ‘लीव्ह द कबर्ड बाय द विंडो.’ लंबूला इंग्रजी येत नाही, म्हणून वाचायला मी पुढे झालो. आता तुम्हीच सांगा, ‘बाय बस’ म्हणजे बसने, ‘बाय पोस्ट’ म्हणजे पोस्टाने. (हे तुम्हीच शिकवलंत, कान पिळून.) मग ‘बाय द विंडो’ म्हणजे खिडकीने! लंबू म्हणाला, “अरे, जिना चांगला ऐसपैस आहे, दार सताड उघडं आहे.” मी म्हटलं, “बाई शिकलेल्या आहेत, काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल ना?” विचारायला वर जावं, तर आतून मशीनची घरघर. कामात कशाला व्यत्यय आणा?

गच्चीवर कप्पी बांधली, दोर टाकले आणि कपाट वर चढवलं. मी गच्चीवरून ओढत होतो, लंबू खाली दोर धरून होता. आत (हे मागाहून कळलं) खुर्चीवर एक गृहस्थ आ वासून पडलेले, बाईंनी चिमट्यात दात धरलेला. त्या गृहस्थांना खिडकीबाहेर एक कपाट सावकाश वर येताना दिसलं. ते जे उठले मामा, की दात चिमट्यात राहिला आणि गृहस्थ जिन्यात! कपाटाचा पाय काचेतून आत गेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला वाटलं, आता नोकरी गेली, वर पोलीसही येणार.

बाई गच्चीवर आल्या. चिमटा हातातच. कपाटावरून काढून खिशात ठेवलेली चिठ्ठी मी पुढे केली. त्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. “अहो, जवळ! खिडकीजवळ ठेवा!” एवढंच म्हणाल्या आणि पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसल्या.

जवळ! मामा, मला धक्का बसला तो इथे. घरी येऊन शब्दकोश उघडला. ‘बाय’ म्हणजे ने, कडून, पर्यंत, जवळ, शेजारून! एवढ्याशा शब्दाने किती घरं करावीत? आपले प्रत्यय कसे शब्दाच्या पाठीला चिकटून गुमान चालतात. यांचे आधी पुढे पुढे करतात आणि वेळेला भलताच अर्थ काढतात. ‘ऑन’ पाहिला, तर टेबलावरही तोच आणि सोमवारीही तोच. ‘ॲट’ पाहायची हिंमत झाली नाही. आता इंग्रजी या जन्मात वाचणार नाही, हे तुम्हाला शपथेवर कळवतो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : ते गृहस्थ तीन आठवडे दात काढू देत नव्हते म्हणे. दुखलंसुद्धा नाही म्हणून बाईंना पेढ्याएवढं गोड बोलून गेले. बाई हसल्या, आमच्या गाडीचे मालक निवळले, आणि गाडीवर इंग्रजी वाचायला धजणारा मी एकटाच म्हणून यापुढे सगळ्या चिठ्ठ्या मीच वाचायच्या असं ठरलं. पगारही वाढतोय, नाही कसं म्हणू? तेव्हा सवडीने महिनाभर राहायला यावं, ही विनंती.

ता. क. दुसरा : सवडीने नको, आजच निघा. सकाळी पहिली चिठ्ठी वाचली. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ यांत माझी किंचित गफलत झाली. सभागृहात दोन पियानोंच्या कार्यक्रमाला माणसं जमली आहेत, आणि शाळेत आता दोन पियानो आहेत.